नंदू घाडींच्या गळ्यातला फोन

भांडुपच्या कोकण नगरात, आमच्याच बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर नंदकुमार घाडी राहतात. लहान-मोठे सगळे त्यांना घाडीकाका म्हणतात, त्यांच्या वयाचे नंदू म्हणतात. मरोळच्या एका कारखान्यात त्यांनी आयुष्यभर टाइमकीपरची नोकरी केली. कामगार वेळेवर आला का, वेळेआधी सटकला का, एकाचं कार्ड दुसराच पंच करत नाही ना, एवढं बघायचं. रिटायर झाल्यावर पंचिंगचं मशीन कारखान्यात राहिलं, संशय तेवढा घरी आला.

त्यांचे वडील मालवणकडून येऊन लालबागच्या गिरणीत लागले होते. संपानंतर गिरणी गेली ती गेलीच. घरातल्या कोणी पुन्हा कापडाच्या धंद्यात पाऊल टाकायचं नाही, असं नंदूंनी तेव्हाच ठरवलं. पुढे त्यांच्या एकुलत्या मुलीने, नेत्राने, माटुंग्याच्या कॉलेजात टेक्सटाइल इंजिनिअरिंग घेतलं आणि मास्टर्ससाठी जर्मनीतल्या केमनिट्स शहरात प्रवेश मिळवला. हे शहर म्हणे एकेकाळी गिरण्यांचं होतं. त्यातल्या बहुतेक बंद पडल्या, ही गोष्ट नेत्राने घरी सांगितली नाही.

पैशांची जुळवाजुळव झाली. राहत्या घरावर कर्ज निघालं. जर्मनीचा नियम असा, की वर्षभराच्या खर्चाचे पैसे आधीच तिकडच्या एका खात्यात भरायचे. त्या खात्याला कुलूप. दर महिन्याला ठरलेली रक्कम तेवढी विद्यार्थ्याच्या हातात पडणार. आमच्या बिल्डिंगमध्ये याला ज्याने त्याने नावं ठेवली. आपलेच पैसे आणि आपल्यालाच हप्त्याने? घाडीकाकांना मात्र हा नियम फार आवडला.

"याला म्हणतात शिस्त," ते सुहासिनीकाकूंना म्हणाले. "माणसाच्या हातात सगळे पैसे एकदम द्यायचेच नाहीत."

काकू भाजी निवडत होत्या. लग्न झाल्यापासून घरखर्चाचे पैसे त्यांना दर सोमवारी, आठवड्यापुरतेच मिळत आले आहेत. त्या म्हणाल्या, "म्हणजे मी इतकी वर्षं जर्मनीतच राहतेय."

आता खरी मेख इथे होती. तिकडचं कुलूपबंद खातं सुरू व्हायला तिकडच्या बँकेत साधं खातं लागतं. त्या खात्यासाठी पत्त्याची नोंद लागते. पत्त्याच्या नोंदीसाठी घरमालकाचं पत्र लागतं. आणि घरमालक डिपॉझिट हातात पडल्याशिवाय पत्र देत नाही. म्हणजे पैसे मिळण्यासाठी आधी पैसे हवेत. हे सगळं मार्गी लागेपर्यंत नेत्राने इथल्या खात्याचं कार्ड वापरायचं, असं ठरलं. खातं बापलेकीचं जॉइंट. कार्ड नेत्राचं, आणि ओटीपी तिच्या इथल्या नंबरवर येणार.

"सिम मी घेऊन जाते," नेत्रा म्हणाली.

"आणि तिकडे हरवलं तर? बँकेच्या दारात कोण उभा राहणार, तुझा प्रोफेसर?" घाडीकाका म्हणाले. "सिम इथे राहील. तू बटण दाब, मी नंबर सांगतो. मिनिटाचं काम."

नेत्राने वाद घातला, मग तिला बॅगेचं वजन, व्हिसा आणि लोणच्याच्या बरण्या यांतून वेळ मिळेना. सिम राहिलं.

काकांनी त्यासाठी बटणांचा एक साधा फोन आणला. काकूंनी क्रोशाची पिशवी विणून दिली. ती पिशवी गळ्यात अडकवून घाडीकाका बिल्डिंगमध्ये फिरायला लागले. आमच्याकडे नेटवर्कची बोंब. त्यांच्या घरात रेंज नीट यायची ती फक्त स्वयंपाकघराच्या ग्रिलपाशी. त्यामुळे दुपारी जेवण झालं, म्हणजे तिकडे नेत्राची सकाळ झाली, की काका खुर्ची घेऊन ग्रिलपाशी बसत. काकूंना ओट्यापर्यंत जायला जागा उरत नसे. मुलुंडला पुतण्याच्या लग्नात अंतरपाट धरलेला असताना ते हॉलबाहेर जाऊन उभे राहिले, कारण आत रेंज नव्हती आणि नेत्राला ट्रामचा पास काढायचा होता.

ओटीपी काही मिनिटंच चालतो. काकांचे प्रश्न त्याहून जास्त वेळ चालत.

"गादी? आणि एवढी महाग? तिकडे चटई मिळत नाही?"

"बाबा, ओटीपी."

"कित्याक होयी गादी? स्वतःची खोली मिळेपर्यंत ज्या मैत्रिणीकडे राहतेस, तिच्याकडे खाट नाही का?"

"बाबा, संपली वेळ. परत बटण दाबावं लागेल."

मग नेत्रा शहाणी झाली. आधी भांडण उरकून घ्यायची, मगच बटण दाबायची. थंडीचा कोट घ्यायचा होता तेव्हा ते भांडण दोन दिवस चाललं. काकांचं म्हणणं, एकावर एक दोन स्वेटर घाल. नेत्राचं म्हणणं, बाबा डोकं खाऊ नका, इथे बर्फ पडतोय. शेवटी कोट आला, पण त्याची पावती काकांनी मागवून घेतली आणि त्यात तिकडचा कर किती, हे बघून ते खूप वेळ हळहळले.

एक मात्र खरं. नेत्रा इथे होती तेव्हा बापलेकीचं बोलणं "जेवलीस?" आणि "हो" एवढ्यावर संपायचं. आता रोज बोलणं होत होतं. नेत्राने काय खाल्लं, कुठे गेली, कोणती वही घेतली, हे काकांना आता माहीत असायचं, तिला सांगायचं असो वा नसो.

याच सुमारास आमच्या बिल्डिंगमधल्या एका बाईंना फोनवरून कोणी तरी गंडवलं. बँकेतून बोलतोय म्हणाला, ओटीपी विचारला, आणि त्यांच्या मुदतठेवी मोडून पैसे घेऊन गेला. सगळ्यांनी धसका घेतला. पोलीस चौकीतून एक सबइन्स्पेक्टर येऊन सोसायटीच्या हॉलमध्ये बोलून गेले. हल्ली आवाजाचीही हुबेहूब नक्कल करता येते, व्हिडिओवर दिसणारा चेहराही खरा असेल असं नाही, असं त्यांनी सांगितलं. पहिल्या रांगेत बसून घाडीकाकांनी प्रत्येक शब्द कानांत साठवून घेतला.

त्यानंतर ते स्वतःच बोलायला लागले. आधी ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर, मग महिला मंडळात, मग शेजारच्या दोन सोसायट्यांत. बोलायचेही छान. "ओटीपी म्हणजे तिजोरीची किल्ली," ते म्हणायचे. "बायकोला नाही, मुलाला नाही, देवाला नाही. कुणालाच द्यायची नाही." एकदा नेमकं हे वाक्य संपतं तोच गळ्यातल्या पिशवीत फोन थरथरला. "एक मिनिट," असं म्हणून काका हॉलबाहेर पॅसेजमध्ये गेले. त्यांनी नेत्राला खणखणीत आवाजात सहाही आकडे सांगितले, परत आले आणि म्हणाले, "तर काय सांगत होतो..." आतल्या सगळ्यांनी ते आकडे ऐकले होते. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. काकांनाही नाही.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी दुपारी काका ग्रिलपाशी बसलेले असताना दुसऱ्या फोनवर, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या फोनवर, व्हॉट्सअॅपचा कॉल आला. नंबर परदेशातला, अनोळखी. फोटोत एक कुत्रा.

"बाबा, मी नेत्रा. माझा फोन बिघडला, मैत्रिणीच्या फोनवरून बोलतेय. मला शेवटी हॉस्टेलमध्ये स्वतःची खोली मिळालीये. ऑफिस दुपारी बंद व्हायच्या आत डिपॉझिट भरायचंय, नाही भरलं तर खोली दुसऱ्याला देतील. मी बटण दाबलंय. ओटीपी आला असेल, तो सांगता का प्लीज?"

गळ्यातला फोन खरंच थरथरला होता. काकांनी पिशवी मुठीत धरली.

अनोळखी नंबर. घाई. बिघडलेला फोन. सबइन्स्पेक्टरांनी सांगितलेल्या सगळ्या खुणा एकेक करून जुळत होत्या. शिवाय सर्वांत मोठी खूण म्हणजे 'प्लीज'. नेत्रा त्यांच्याशी आजवर कधी इतक्या नरमाईने बोलली नव्हती.

"तुझे आजोबा कोणत्या गिरणीत होते?" काकांनी विचारलं.

"काय?"

"गिरणीचं नाव सांग."

"बाबा, आता? लालबागची होती ना... नाव नाही आठवत. अहो, वेळ जातोय."

"अस्सं. नाव आठवत नाही."

ओट्यापाशी उभ्या असलेल्या काकू म्हणाल्या, "अहो, आवाज तिचाच आहे."

काकांनी फोनवर हात ठेवला. "तेच तर. आवाज हुबेहूब असतो."

तिकडे नेत्राने वैतागून व्हिडिओ सुरू केला. ग्रिलपाशी असूनही चित्र अडकत होतं. आधी कपाळ आलं, मग हनुवटी आली, मग सगळा चेहरा आला आणि तोंड उघडं असताना तसाच थांबला. चेहरा नेत्राचा होता. पण नेत्राचे केस कमरेपर्यंत होते, आणि या मुलीचे मानेवर कसेबसे कापलेले. तिकडे केस कापून घ्यायला जे पैसे पडतात ते ऐकून नेत्राने ते महिन्यापूर्वीच आरशासमोर बसून स्वतः कापले होते. बाबांना सांगितलं तर ओटीपीपेक्षा मोठं प्रकरण होईल म्हणून फक्त आईला सांगितलं होतं.

"चेहरा बरा बनवलाय," काका फोनमध्ये शांतपणे म्हणाले. "केस चुकले. पुढच्या वेळी नीट बघून घ्या." आणि फोन कापला.

मग त्यांनी जे केलं त्यात कुठे काही चुकलं म्हणून सांगता येणार नाही. आधी तो नंबर ब्लॉक केला. सायबर हेल्पलाइनला फोन केला. बँकेला फोन करून कार्ड बंद केलं, खातं गोठवलं. तक्रार क्रमांक लिहून घेतला. सगळं करून ते खुर्चीत टेकले आणि चहा मागितला.

"तिचा नेहमीचा नंबर लावून बघा ना एकदा," काकू म्हणाल्या.

काकांनी लावला. फोन बंद होता.

"बघ. तिचा फोन बंद कधी आहे, हेसुद्धा त्यांना माहीत असतं," काका म्हणाले, आणि चहात बिस्कीट बुडवलं.

संध्याकाळपर्यंत ही बातमी सगळ्या बिल्डिंगमध्ये पसरली. आमचे सेक्रेटरी निमेश गाला उत्साही माणूस. हॉल रविवारी रिकामाच होता. त्यांनी काकांचा सत्कार ठरवून टाकला, सबइन्स्पेक्टरांना बोलावलं आणि बॅनरही छापायला टाकला.

शनिवारी सकाळी पाचव्या मजल्यावरची दीप्ती खाली आली. ती नेत्राची शाळेपासूनची मैत्रीण. नेत्राने तिला ईमेल केला होता. दीप्तीने तो वाचून दाखवला नाही, कारण त्यातले शब्द वडीलधाऱ्यांसमोर वाचण्यासारखे नव्हते. तिने फक्त सार सांगितलं. "काका, काल नेत्राच होती. खोली थोडक्यात वाचली. पण तुम्ही कार्ड बंद केलंत ना, तिच्याकडे आता पैसे नाहीत."

काका काकूंकडे वळून म्हणाले, "केस?"

"महिना झाला कापून," काकू म्हणाल्या.

"मग बोलली का नाहीस?"

"आवाज तिचाच आहे म्हटलं, ते तुम्ही ऐकलं नाहीत. चेहरा मला दाखवलात कुठे? फोन छातीशी धरून बसला होतात."

काकांनी पायात चपला सरकवल्या आणि ते बँकेत निघाले. दुसरा शनिवार होता, हे त्यांना बँकेच्या शटरसमोर उभं राहिल्यावर आठवलं. कस्टमर केअरच्या मुलीने अतिशय गोड आवाजात सांगितलं, की फसवणुकीची तक्रार असल्यामुळे खातं फोनवरून उघडता येणार नाही, दोन्ही खातेदारांनी स्वतः शाखेत यावं लागेल. एक खातेदार जर्मनीत आहे, असं काकांनी सांगितलं. मग हे तरी खरंच दुसरे खातेदार बोलत आहेत याची खात्री करून घेण्यासाठी तिने त्यांना तीन प्रश्न विचारले. तिसऱ्याचं उत्तर काकांना आलं नाही.

रविवारी त्यांनी निमेशभाईंना गाठलं. "सत्कार राहू द्या. तसं काही झालेलं नाही."

"नंदूभाई, मोठी माणसं असंच बोलतात," निमेशभाई म्हणाले. "बॅनर लागला पण."

बॅनरवर काकांचा फोटो होता आणि खाली 'सजग नागरिक' असं लिहिलं होतं. हॉल भरला. शाल झाली, नारळ झाला. घाडीकाका बोलायला उभे राहिले, तेव्हा काकू मागच्या रांगेत दाराजवळ बसल्या होत्या. आम्हाला वाटलं होतं, नेहमीसारखं तिजोरी आणि किल्लीपासून सुरू करतील.

"तो फोन माझ्या मुलीचाच होता," काका म्हणाले. "खोटा कुणी नव्हता. मी माझ्याच मुलीला ओळखलं नाही आणि तिचे पैसे बंद केले. एवढंच झालंय. त्याला शाल कशाला?"

मग सबइन्स्पेक्टर उठले आणि त्यांनी माइक हातात घेतला. "बघा, याला म्हणतात सावधपणा. स्वतःच्या मुलीवरसुद्धा विश्वास ठेवला नाही. असा प्रत्येक घरात एक माणूस हवा." टाळ्या आधीपेक्षा जोरात झाल्या. काका माइकसाठी हात पुढे करून उभे होते. पण तोवर वडे आले होते आणि लोक खुर्च्यांवरून उठायला लागले होते.

तिकडे नेत्राचं काय झालं, ते आम्हाला हळूहळू कळलं. कुत्र्याच्या फोटोचा फोन जिचा होता, ती लिन्ह नावाची व्हिएतनामी मुलगी. तिने डिपॉझिट भरलं. खोली मिळाली म्हणून पत्र मिळालं, पत्र मिळालं म्हणून पत्त्याची नोंद झाली, नोंद झाली म्हणून बँकेत खातं उघडलं, आणि खातं उघडलं म्हणून कुलूपबंद पैसे दर महिन्याला यायला लागले. इतके महिने जे अडून होतं, ते वडिलांनी फोन कापल्यावर महिनाभरात सुटलं. नेत्राने एका बेकरीत शनिवार-रविवारचं काम धरलं आणि पहिल्या पगारातून लिन्हचे पैसे चुकते केले. तिकडे तिचा स्वतःचा नंबर होता, स्वतःचं कार्ड होतं. कुणाला काही विचारावं लागत नव्हतं.

गळ्यातला फोन वाजेनासा झाला. काका तरी दुपारी ग्रिलपाशी बसायचे. महिन्याच्या महिन्याला त्या सिमला रिचार्ज मारायचे, कारण सिम बंद पडलं तर नंबर दुसऱ्याला जातो. फोनवर यायचे ते पतपेढ्यांचे आणि दागिन्यांच्या दुकानांचे मेसेज. नेत्रा रविवारी आईशी बोलायची, अर्धा-पाऊण तास. मग काकू फोन पुढे करायच्या.

"जेवलीस?" काका विचारायचे.

"हो."

नेत्राने राग धरला होता अशातला भाग नाही. पण काका कोटाबद्दल विचारायला जायचे आणि मध्येच थांबायचे. पैशांचं काही विचारायचं नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं. आणि ते वजा केल्यावर काय विचारायचं, हे त्यांना सापडत नव्हतं.

गोठवलेलं खातं मात्र तसंच राहिलं. काकांनी शाखेत किती चकरा मारल्या याला हिशोब नाही. वकिलातीतून शिक्का मारलेलं पत्र आणा, म्हणाले. नेत्राला तेवढ्यासाठी बर्लिनला जायला सवड नव्हती आणि गरजही उरली नव्हती. व्याख्यानं काकांनी बंद केली. बोलावणी वाढतच गेली. घाटकोपरच्या एका मंडळाने तर 'मुलीवरही विश्वास न ठेवणारे' अशी त्यांची ओळख छापून पत्रिका पाठवली. ती त्यांनी काकूंना दाखवली नाही, आम्हाला दाखवली.

पुढच्या वर्षी सुट्टीत नेत्रा घरी आली. केस आता खांद्यापर्यंत आले होते. दोन दिवस झोप काढून झाल्यावर ती म्हणाली, "चला बाबा, ते खातं उघडून टाकू."

दोघं शाखेत गेले. काउंटरवर एक तरुण मुलगी होती. तिने नेत्राचा पासपोर्ट बघितला, अंगठा घेतला, सही घेतली. दोन मिनिटांत तिचं काम झालं. मग काकांची सही घेतली, स्क्रीनवर बघितली आणि पुन्हा घ्यायला सांगितली. काकांनी पुन्हा केली.

"जुळत नाही, सर."

खातं उघडलं तेव्हा काका टाइमकीपर होते आणि दिवसाला शंभर सह्या ठोकायचे. आता हात थोडा कापतो. त्यांनी तिसऱ्यांदा सही केली. ती पहिल्या दोन्हींशीही जुळेना.

"हे नंदकुमार घाडीच आहेत, याची खात्री कोण देणार?" त्या मुलीने विचारलं. तिच्या आवाजात उर्मटपणा नव्हता. विचारायची पद्धत असते, म्हणून तिने विचारलं.

काकांनी पेन काउंटरवर ठेवलं. नेत्राने फॉर्म स्वतःकडे ओढून घेतला.

"मी देते. वडील आहेत माझे," ती म्हणाली. "आधी मला त्यांना एकदोन प्रश्न विचारू द्या." मग काकांकडे वळून, "कोट केवढ्याचा होता, बाबा?"

काकांनी आकडा सांगितला. करासकट सांगितला.

"तेच आहेत," नेत्रा म्हणाली आणि सही केली.

काउंटरवरच्या मुलीला यात हसण्यासारखं काय आहे ते कळलं नाही. तिने काकांना नवीन सहीचे नमुने द्यायला बसवलं. दुपारभर ते तिथल्या बाकावर एकाखाली एक सह्या करत होते, आणि नेत्रा शेजारी बसून त्यांना केमनिट्सच्या बेकरीतल्या मालकिणीबद्दल सांगत होती. ती बाई किती चिकट आहे, उरलेले पावसुद्धा कसे मोजून ठेवते. काकांना ती बाई एकदम पटली. मधूनच सही थांबवून ते विचारत होते, "मग? मग तू काय म्हणालीस?"